काय ऐकलंत, ते सांगा



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते हाडाचे शिक्षक होते. धडा संपला की 'समजलं का?' असं ते विचारत नसत, असं त्यांचे विद्यार्थी सांगतात. ते म्हणत, 'आता तू मला सांग.' मी आज जे बोलणार आहे त्याचा गाभा त्यांच्या या एका सवयीत आहे, म्हणून आरंभी त्यांना नमस्कार करतो.

माझा विषय आहे आकाशात चालणारा एक संवाद. एका टोकाला टॉवरमध्ये किंवा रडारसमोर बसलेला हवाई वाहतूक नियंत्रक. त्याच्या कानात एका वेळी दहा-पंधरा विमानांचे आवाज. दुसऱ्या टोकाला खासगी वैमानिक. हा कोणी एअरलाइनचा कॅप्टन नव्हे. तो डॉक्टर असेल, शेतकरी असेल, निवृत्त अभियंता असेल. स्वतःचं किंवा क्लबचं चार आसनांचं विमान घेऊन रविवारी सकाळी निघालेला. या दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नसतं. त्यांच्यात असतो फक्त आवाज. आणि त्या आवाजाच्या भरवशावर दीडशे-दोनशे प्रवाशांचं जेट विमान त्याच आकाशातून खाली उतरत असतं.

मी स्वतः विमान चालवत नाही. पण विमान अपघातांचे चौकशी अहवाल मी अनेक वर्षं वाचत आलो आहे, आणि त्यांतूनच मला हा विषय दिसला. उदाहरणं मुख्यतः अमेरिकेतली घेणार आहे. का? खासगी विमानांची एवढी मोठी वस्ती जगात दुसरीकडे नाही, हे एक कारण. आपल्याकडे छोटं विमान उडवायचं तरी आधी फ्लाइट प्लॅन भरावा लागतो, हवाई संरक्षणाच्या परवानगीचा क्रमांक घ्यावा लागतो. तिथे हवा स्वच्छ असेल, तर माणूस हँगरचं दार उघडून, कुणालाही न विचारता, बहुतेक आकाशात उडू शकतो. अगदी लॉस एंजेलिसच्या विमानतळाशेजारूनही जाऊ शकतो. दुसरं कारण असं की तिथल्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाचे, म्हणजे एनटीएसबीचे, अहवाल सर्वांना वाचायला खुले असतात. रेडिओवर कोण काय बोललं ते त्यांत वाक्यावाक्यानं, सेकंदासेकंदानं दिलेलं असतं.

आधी या आकाशाची रचना सांगतो, म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल. मोठ्या विमानतळाभोवतीच्या आकाशाला तिथे क्लास ब्राव्हो म्हणतात. आपल्या घरातली मडक्यांची उतरंड उलटी करून ठेवली तर कशी दिसेल, तसा त्याचा आकार आहे. तळाशी, धावपट्टीभोवती, अरुंद. आणि वर वर जावं तसं रुंद. मोठी विमानं दुरून पायरी पायरीनं खाली येतात, त्यांच्या वाटेला जागा मिळावी म्हणून हा आकार. आता गंमत बघा. त्या रुंद मडक्याच्या काठाखाली मोकळं आकाश उरतं, आणि छोटी विमानं तिथूनच ये-जा करतात. वरची सीमा रंगवलेली नाही, तिथे कुंपण नाही. सहा हजार फुटांवर सीमा असेल तर पाच हजार नऊशे फुटांवर तुम्ही मोकळे, आणि सहा हजार शंभरावर तुम्ही घुसखोर. मधे काय आहे? उंचीमापकाचा एक काटा आणि वैमानिकाचं लक्ष.

क्लास ब्राव्होत शिरायचं तर नियंत्रकाच्या तोंडून स्पष्ट मंजुरी ऐकू आली पाहिजे. रडारवर आपण दिसतो आहोत, मघाशी बोलणंही झालं आहे, म्हणजे चालतं, असं नाही. मंजुरीचे शब्द ऐकू आले पाहिजेत. त्याहून कमी गर्दीच्या विमानतळांभोवती, क्लास चार्ली आणि डेल्टामध्ये, नियम थोडा सैल आहे. तिथे दोन्ही बाजूंनी संवाद सुरू झाला की पुरे. पण संवाद सुरू झाला हे ठरवायचं कसं? नियंत्रकानं तुमच्या विमानाचा क्रमांक उच्चारून 'स्टँड बाय' म्हटलं, तर संवाद सुरू झाला. तुम्ही आत जाऊ शकता. तो नुसतं 'ज्या विमानानं हाक दिली त्यानं स्टँड बाय' म्हणाला, तर संवाद सुरू झालेला नाही. तुम्ही बाहेरच घिरट्या घालायच्या. दोन्हीत सूचना तीच, थांबा. फरक फक्त एवढाच की समोरच्यानं तुम्हाला ओळखलं की नाही. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो. तुमचा आवाज कुठेतरी पोचला, एवढं त्याला पुरत नाही. तो कुणाचा आहे हे ऐकणाऱ्याला कळलं पाहिजे, आणि कळलं हे त्यानं बोलून दाखवलं पाहिजे.

आता त्या खासगी वैमानिकाच्या जागी बसा. परवाना मिळून वर्ष झालेलं. रेडिओचं बटण दाबलं की त्या फ्रीक्वेन्सीवरचे सगळे ऐकणार: नियंत्रक, मोठमोठे कॅप्टन, सगळे. नियंत्रक इतक्या वेगानं बोलतो आहे की मधे फट सापडत नाही. शिकवलेलं असतं की पहिल्या हाकेत चार गोष्टी सांगायच्या: कुणाला हाक देतो, मी कोण, मी कुठे, मला काय हवं. चारच गोष्टी. पण बटण दाबायच्या आधी घसा कोरडा पडतो. पुष्कळ खासगी वैमानिकांना विमान उतरवण्यापेक्षा या बोलण्याची भीती जास्त वाटते, आणि फ्लाइंग स्कूलचे प्रशिक्षक हे रोज पाहतात. मग माणूस काय करतो? बोलणं टाळतो. गर्दीच्या आकाशाच्या काठाकाठानं, खालून, गुपचूप निघून जायचं ठरवतो. कायद्यानं ते चूक नाही. पण तो गुपचूप जाणारा माणूस नियंत्रकाच्या दृष्टीनं पडद्यावरचा एक बिनानावाचा ठिपका होतो.

या शांततेची किंमत ३१ ऑगस्ट १९८६ रोजी मोजली गेली. लॉस एंजेलिसजवळच्या टॉरन्सहून एक छोटं पायपर विमान डोंगरातल्या बिग बेअरकडे निघालं. आत तीन माणसं. मेक्सिकोहून येणारं एरोमेक्सिकोचं डीसी-९ लॉस एंजेलिसकडे उतरत होतं, आत चौसष्ट. पायपर सीमेच्या वर, बंदिस्त आकाशात शिरलं. मंजुरी नव्हती. ते कुणाशीही बोलत नव्हतं, आणि उंची सांगणारं यंत्र त्याच्यात नव्हतं. त्याच वेळी नियंत्रक दुसऱ्याच एका छोट्या विमानाशी बोलत होता, तेही असंच न विचारता आत आलेलं. सुमारे ६,५६० फुटांवर, सेरिटोस नावाच्या उपनगरावर, दोन्ही विमानं एकमेकांवर आदळली. दोन्ही विमानांतले सगळे गेले, आणि खाली घरांतली पंधरा माणसं गेली. एकूण ब्याऐंशी. दोन्ही विमानांनी एकमेकांना चुकवण्याचा कसलाही प्रयत्न केल्याची खूण सापडली नाही. म्हणजे कुणीच कुणाला पाहिलं नव्हतं.

या अपघातानंतर यंत्रं आली. मोठ्या विमानतळापासून ३० सागरी मैलांच्या आत उंची कळवणारा ट्रान्सपॉन्डर सक्तीचा झाला. प्रवासी जेट विमानांत टक्कर टाळणारी टीकॅस यंत्रणा बसली. पुढे २०२० पासून अशा आकाशात विमानानं आपली जागा स्वतःहून सतत प्रक्षेपित करणंही बंधनकारक झालं. हे सगळं चांगलंच झालं. त्यानं असंख्य जीव वाचले असणार. पण यंत्र सांगतं की ठिपका कुठे आहे. ठिपक्याच्या मनात काय आहे, तो वळणार आहे की सरळ जाणार आहे, त्याला समोरचं जेट दिसलं आहे की नाही, हे कोण सांगणार? ते तोंडानंच सांगावं लागतं.

'हवा स्वच्छ होती, मग दिसलं कसं नाही?' हा प्रश्न मला दर वेळी विचारला जातो, म्हणून थोडं विषयांतर करतो. आपल्या डोळ्यांना हलणारी वस्तू चटकन दिसते. पण जे विमान आपल्यावर आदळणार असतं, ते काचेतून पाहताना हलतच नाही! दोघं सरळ मार्गानं एकाच बिंदूकडे जात असतील तर ते एकाच जागी, एका बारीक ठिपक्यासारखं, स्थिर दिसतं आणि शेवटच्या काही सेकंदांत एकाएकी मोठं होतं. खाली शहराची घरं असतील तर पांढरं विमान त्या घरांत मिसळून जातं. उलट, 'तुमच्या समोर, दोन मैलांवर, सेस्ना आहे' असं कुणी सांगितलं, तर शोधण्याचं काम कितीतरी सोपं होतं. एमआयटीच्या लिंकन लॅबोरेटरीतल्या प्रयोगांत असं आढळलं की असं सांगितलेला वैमानिक न सांगितलेल्यापेक्षा सुमारे आठपट परिणामकारक शोध घेतो. आठपट! एका वाक्यानं. डोळ्यांना कुठे पाहायचं ते कान सांगतात.

पण सांगितलं तरी काय होतं, ते आता पाहू. माझ्या दृष्टीनं आजच्या बोलण्यातलं हे सर्वांत महत्त्वाचं उदाहरण आहे, म्हणून इथे मी थोडा वेळ घेणार आहे.

२५ सप्टेंबर १९७८. सॅन डिएगो. सकाळचे नऊ. स्वच्छ ऊन. पीएसए कंपनीचं बोइंग ७२७ लिंडबर्ग फील्ड विमानतळावर उतरायला येत होतं. त्याच परिसरात एक सेस्ना १७२ होतं. दोन वैमानिक त्यात उपकरणांवर उतरण्याचा सराव करत होते. एक शिकवणारा, एक शिकणारा. नियंत्रकानं बोइंगला सेस्नाची कल्पना दिली. बोइंगमधून उत्तर आलं, 'ट्रॅफिक इन साइट', विमान दिसतं आहे. त्या क्षणी जबाबदारी बदलली. नियंत्रक म्हणाला, नजरेनं अंतर राखा. म्हणजे आता त्या सेस्नाला चुकवायचं काम बोइंगच्या वैमानिकांचं. नियंत्रकाच्या डोक्यावरचं एक ओझं उतरलं, आणि गर्दीच्या सकाळी असं ओझं उतरणं त्याला हवंच असतं.

मग टॉवरनं पुन्हा एकदा सेस्नाबद्दल सांगितलं: बरोबर समोर, एक मैलावर. आणि आता कॉकपिटमधून जे गेलं ते असं होतं: मघाशी तिथे होतं खरं; बहुधा आमच्या उजवीकडून मागे गेलं. टॉवरमधल्या नियंत्रकाला ऐकू आलं की ते उजवीकडून जातं आहे. 'गेलं' आणि 'जातं आहे'. एकाचा अर्थ, आता दिसत नाही. दुसऱ्याचा अर्थ, आत्ता दिसतं आहे. एवढा फरक, आणि तो कुणी विचारून पक्का केला नाही.

कॉकपिटमधलं बोलणं टेपवर आहे. सहवैमानिक विचारतो, त्या सेस्नापासून आपण सुटलो ना? फ्लाइट इंजिनिअर म्हणतो, सुटलो असायला हवं. कॅप्टन म्हणतो, बहुधा. आणि जादा आसनावर बसलेला कंपनीचाच आणखी एक कॅप्टन म्हणतो, आशा आहे.

श्रोतेहो, चार अनुभवी माणसं होती ती. त्यांच्या मनात शंका होती. ती त्यांनी एकमेकांना बोलूनही दाखवली. मग ती रेडिओवर का गेली नाही? बटण दाबून 'आम्हाला ते विमान आता दिसत नाही' एवढं म्हणायला तीन सेकंद लागले असते. का म्हटलं नाही? मला वाटतं, एकदा 'दिसतं आहे' असं म्हटल्यावर 'आता दिसत नाही' म्हणणं माणसाला जड जातं. दिलेला शब्द मागे घेतल्यासारखं वाटतं. हे कॅप्टनलाही वाटतं आणि नवशिक्यालाही वाटतं.

आणि सेस्ना? त्याला ०७० अंशांच्या दिशेनं जायला सांगितलं होतं. ते ०९० वर वळलं आणि ते वळणं त्यानं कळवलं नाही. टक्कर होण्याच्या १९ सेकंद आधी नियंत्रण केंद्रातल्या संगणकानं धोक्याचा इशारा दिला. पण नियंत्रकांना वाटलं, बोइंगला सेस्ना दिसतं आहे, त्यानं तसं सांगितलं आहे. सेस्नालाही तेच कळवण्यात आलं: जेटला तुम्ही दिसत आहात. सुमारे २,६०० फुटांवर टक्कर झाली. दोन्ही विमानांतली १३७ आणि नॉर्थ पार्क वस्तीतली सात, एकूण १४४ माणसं गेली.

या साखळीत खोटं कोण बोललं? कुणीच नाही. बेपर्वा कोण होतं? मी तर कुणाला बेपर्वा म्हणणार नाही. एनटीएसबीनं मुख्य ठपका बोइंगच्या वैमानिकांवर ठेवला: विमान दिसेनासं झालं हे त्यांनी कळवायला हवं होतं. मंडळाच्याच एका सदस्यानं या निष्कर्षाला असहमती नोंदवली. नियंत्रण व्यवस्थेलाही तेवढंच जबाबदार धरावं असं त्याचं मत होतं. मी त्या सदस्याच्या बाजूचा आहे. एका शब्दावर सगळा भार टाकून व्यवस्था निश्चिंत होते, तेव्हा तो शब्द अजून खरा आहे का हे विचारण्याची जबाबदारीही व्यवस्थेचीच असते.

आणि हे जुनं झालं, असं कृपा करून समजू नका. २९ जानेवारी २०२५ च्या रात्री वॉशिंग्टनमध्ये पोटोमॅक नदीवर लष्करी हेलिकॉप्टर आणि प्रवासी जेट यांची टक्कर झाली. ६७ जण गेले. तिथेही हेलिकॉप्टरनं विमान दिसतं आहे म्हणून सांगितलं होतं, आणि नजरेनं अंतर राखण्याची परवानगी घेतली होती. जेटच्या मागून जा, असं नियंत्रकानं सांगितलं. पण नेमके तेच शब्द हेलिकॉप्टरपर्यंत बहुधा पोचले नाहीत, कारण त्याच क्षणी त्यांचंच बटण दाबलेलं होतं. सेकंदभराहूनही कमी वेळ! या रेडिओवर एका वेळी एकालाच बोलता येतं. बटण दाबलेलं असताना ऐकू येत नाही. शिवाय एकच नियंत्रक दोघांशी वेगवेगळ्या फ्रीक्वेन्सींवर बोलत होता, त्यामुळे त्यांना एकमेकांचं बोलणं ऐकूच येत नव्हतं. सॅन डिएगोनंतर सेहेचाळीस वर्षांनी, पुन्हा 'दिसतं आहे'.

आता येतो त्या शिक्षकांच्या 'तू मला सांग'कडे. विमानाच्या भाषेत याला रीडबॅक म्हणतात. नियंत्रक सांगतो: दिशा ही, उंची ही, फ्रीक्वेन्सी ही. वैमानिकानं ते आकडे परत म्हणायचे. नुसतं 'रॉजर' म्हणून सुटका करून घ्यायची नाही. पण खरं काम त्याच्यापुढे आहे. वैमानिक जे परत म्हणाला ते नियंत्रकानं ऐकायचं आणि चूक असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करायचं. याला हिअरबॅक म्हणतात. हे तिसरं पाऊल सर्वांत अवघड आहे. का? कारण आपण जे सांगितलं तेच समोरून येणार, अशी मनाची तयारी झालेली असते. कानावर वेगळा आकडा पडला तरी मन अपेक्षित आकडाच ऐकतं. त्यातून नियंत्रकाचं लक्ष तोवर पुढच्या विमानाकडे गेलेलं असतं.

८ ऑगस्ट २००९, न्यूयॉर्क. हडसन नदीच्या वर आकाशाची एक पट्टी आहे, नदीच्या रुंदीची. वर मोठमोठ्या विमानतळांचं बंदिस्त आकाश, खाली पाणी, आणि मधल्या पट्टीत छोटी विमानं आणि पर्यटकांची हेलिकॉप्टरं कुणाचीही मंजुरी न घेता उडतात. एकमेकांना १२३.०५ या फ्रीक्वेन्सीवर आपापली जागा सांगत राहायची, एवढीच रीत. त्या दिवशी टेटरबोरो विमानतळावरून पायपर लान्स जातीचं खासगी विमान निघालं, आत तिघं. नियंत्रकानं त्याला नेवार्कच्या टॉवरशी बोलायला सांगितलं, फ्रीक्वेन्सी दिली १२७.८५. वैमानिकानं परत म्हटलं १२७.८७. नियंत्रकानं दुरुस्त केलं नाही. तो त्या वेळी फोनवर कामाबाहेरचं बोलत होता. नेवार्कच्या नियंत्रकाला पुढची गर्दी दिसत होती, विमान वळवायला हवं हे कळत होतं, ते त्यानं टेटरबोरोला कळवलंही. पण विमान तोवर टेटरबोरोच्या कानातून गेलं होतं आणि नेवार्कच्या कानात कधी आलंच नाही. दोन नियंत्रक त्याला पाहत होते आणि दोघांपैकी एकाचाही शब्द त्याच्यापर्यंत पोचत नव्हता. सुमारे अकराशे फुटांवर त्याची आणि पाच इटालियन पर्यटकांना घेऊन निघालेल्या हेलिकॉप्टरची टक्कर झाली. नऊ जण गेले.

त्या नियंत्रकावर वर्तमानपत्रांत फार टीका झाली. फोन चूकच होता, त्यात वाद नाही. पण पाचाचे सात झालेले एरवीही किती वेळा निसटत असतील? फोन नसतानाही? म्हणून मला त्यानंतरचा बदल अधिक मोलाचा वाटतो. त्याच वर्षी १९ नोव्हेंबरपासून हडसनच्या पट्टीत नवे नियम लागू झाले. नदीवरून नुसतं पार जाणाऱ्यांनी १,००० ते १,३०० फुटांत राहायचं, खाली घुटमळणाऱ्या हेलिकॉप्टरांनी त्याखाली. वेग १४० नॉटच्या आत. दिवे चालू. आणि ठरलेल्या खुणांवर, जॉर्ज वॉशिंग्टन पूल, स्वातंत्र्यदेवीचा पुतळा अशा ठिकाणी, प्रत्येकानं बोललंच पाहिजे: कोणतं विमान, कुठे, किती उंचीवर, कुठल्या दिशेनं. आधी बोलणं ही सभ्यतेची रीत होती. आता ते बंधन झालं. बोलण्याची सक्ती झाली की संकोचाला जागाच उरत नाही.

संकोचाबद्दल बोललो, पण भीती राहिलीच. छोट्या वैमानिकाच्या चुकीनंतर नियंत्रक कधी कधी म्हणतो, 'हा फोन नंबर लिहून घ्या, उतरल्यावर फोन करा.' अमेरिकेतल्या खासगी वैमानिकांच्या अंगावर या वाक्यानं काटा येतो. म्हणजे चौकशी, कदाचित परवान्यावर कारवाई. आता सांगा, ज्याला या वाक्याची धास्ती आहे, तो 'मी वाट चुकलो आहे, मी कुठे आहे मला कळत नाही' असं रेडिओवर आपणहून बोलेल का?

याचं उत्तर एका दुर्घटनेतून निघालं. १ डिसेंबर १९७४ ला टीडब्ल्यूए कंपनीचं विमान वॉशिंग्टनजवळ डलस विमानतळाकडे येताना माउंट वेदर नावाच्या डोंगरावर आदळलं. ९२ माणसं गेली. विमानतळाकडे उतरण्याची मंजुरी मिळाली, याचा अर्थ आता खाली यायला हरकत नाही, असं वैमानिकांना वाटलं. नियंत्रकाच्या मते कधी खाली यायचं हे वैमानिकानं नकाशा पाहून ठरवायचं होतं. मंजुरी एक, समज दोन. पण खरी वेदनेची गोष्ट पुढेच आहे. सुमारे सहा आठवड्यांपूर्वी दुसऱ्या एका कंपनीचं विमान याच गैरसमजातून त्याच डोंगराला थोडक्यात चुकवून गेलं होतं. त्या वैमानिकांनी आपल्या कंपनीला सांगितलं, कंपनीनं आपल्या वैमानिकांना सावध केलं. बाकीच्या जगाला ते कळण्याची वाटच नव्हती.

ती वाट १९७६ मध्ये बांधली गेली. वैमानिकानं, नियंत्रकानं, कुणीही, आपल्या हातून झालेली चूक लिहून कळवायची. ती कळवायची नासाकडे. नासाकडेच का? कारण नासाच्या हातात कुणाचा परवाना काढून घेण्याची सत्ता नाही. नाव-गाव काढून टाकून अहवाल सर्वांसाठी खुला केला जातो. चूक जाणूनबुजून केलेली नसेल आणि दहा दिवसांच्या आत कळवली असेल, तर बहुतेक वेळा शिक्षा माफ होते. शिक्षा करणारा आणि ऐकून घेणारा वेगळे केले, हे या योजनेचं मर्म. आमच्याकडच्या रुग्णालयांत, रेल्वेत, कारखान्यांत असं वेगळं करता येईल का, हा विचार माझ्या मनात नेहमी येतो. पण तो आजचा विषय नाही.

आतापर्यंत मी मृत्यूंबद्दलच बोललो. याच संवादानं जीव कसे वाचतात, तेही ऐका. १० मे २०२२. बहामाकडून फ्लोरिडाकडे येणाऱ्या एका छोट्या सेस्ना कॅरव्हॅनचा वैमानिक हवेतच आजारी पडला, त्याची शुद्ध हरपली. मागच्या एका प्रवाशानं सुकाणू हातात घेतलं. त्याला विमान चालवता येत नव्हतं. रेडिओवर तो काय बोलला? परिस्थिती गंभीर आहे. वैमानिकाला शुद्ध नाही. विमान कसं चालवायचं मला माहीत नाही. बस्स. एकही ठरीव शब्द नाही. तुम्ही कुठे आहात, या प्रश्नावर तो म्हणाला, माहीत नाही, समोर फ्लोरिडाचा किनारा दिसतो आहे.

पलीकडच्या नियंत्रकानं त्याला काय सांगितलं? पंख समतल ठेवा, आणि किनाऱ्याच्या कडेनं जात राहा. त्या माणसाला समजेल अशा भाषेत, त्याच्या डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींच्या आधारानं. मग पाम बीचचा एक नियंत्रक, जो स्वतः उड्डाण प्रशिक्षक होता, मदतीला आला. या जातीचं विमान त्यानं कधी चालवलं नव्हतं. त्यानं त्याच्या कॉकपिटचं चित्र छापून समोर ठेवलं आणि एकेक पायरी सांगत ते विमान पाम बीचच्या धावपट्टीवर उतरवून घेतलं. माझ्या मनात नेहमी येतं, तो प्रवासी इतकं नेमकं बोलू शकला, कारण त्याला आपली अब्रू सांभाळायची नव्हती. 'मला माहीत नाही' हे त्यानं पहिल्याच दमात सांगून टाकलं. परवाना असलेल्या माणसाला तेच वाक्य किती जड जातं! अमेरिकेत नव्या वैमानिकाला सांगतात की पहिल्या हाकेत 'स्टुडंट पायलट' हे दोन शब्द घाल. नियंत्रक सावकाश बोलेल. तरी कितीतरी मुलं ते शब्द गिळतात. कमीपणा वाटतो म्हणून. त्यांना मी सांगेन, ते शब्द म्हणा. नाही ऐकू आलं तर 'से अगेन' म्हणा. जमणार नसेल तर 'अनेबल' म्हणा. या शब्दांबद्दल कुणाचा परवाना जात नाही.

शेवटी आपल्या आकाशाकडे वळतो. हे अमेरिकेचं दुखणं आहे, आपला काय संबंध, असं कुणाला वाटत असेल, तर मुंबईच पाहा. जुहूचा विमानतळ आणि सांताक्रूझचा मोठा विमानतळ एकमेकांच्या इतके जवळ आहेत की २४ सप्टेंबर १९७२ ला जपान एअरलाइन्सचं डीसी-८ सांताक्रूझ समजून जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरलं आणि तिच्या पुढे गेलं. कुणी दगावलं नाही, हे नशीब. आज जुहूवरून हेलिकॉप्टरं सतत ये-जा करतात, बाजूला देशातला एक अतिशय गजबजलेला विमानतळ, आणि आता २०२५ मध्ये सुरू झालेला नवी मुंबईचा विमानतळ. आणि गैरसमजाची किंमत आपण १२ नोव्हेंबर १९९६ रोजी चरखी दादरीच्या आकाशात मोजलेली आहे. दोन मोठी विमानं एकमेकांवर आदळली, ३४९ माणसं गेली.

आणि आपली मुलं? बारामती, गोंदिया, धुळे इथे ती उड्डाण शिकतात. पुष्कळशी फ्लोरिडात, ॲरिझोनात, कॅलिफोर्नियात जाऊन शिकतात. आरटीआर या रेडिओच्या परीक्षेची त्यांना केवढी धास्ती असते, ते त्यांच्या आई-वडिलांना विचारा. परीक्षेसाठी ती वाक्यं पाठ करतात. पण पलीकडे बसलेला माणूस ती वाक्यं कुठल्या गर्दीत, कुठल्या ताणात ऐकतो, हे त्यांना कोण दाखवणार?

अमेरिकेत 'ऑपरेशन रेन चेक' नावाचा कार्यक्रम आहे. खासगी वैमानिकांना नियंत्रण केंद्रात बोलावतात, रडारसमोर नियंत्रकाच्या शेजारी बसवतात, आणि त्यांच्यासारख्याच वैमानिकांच्या हाका पलीकडून कशा ऐकू येतात ते ऐकवतात. असं आपल्याकडे ठरावीक पद्धतीनं सुरू व्हावं, ही माझी मागणी आहे. महाराष्ट्रातल्या फ्लाइंग स्कूलमधल्या प्रत्येक विद्यार्थ्यानं परवान्याआधी एक पूर्ण दिवस मुंबईच्या नियंत्रण कक्षात घालवावा. आणि नव्या नियंत्रकांनीही दोन आसनी विमानात, विद्यार्थ्याच्या शेजारी, एक तास बसावं. एका हातात सुकाणू, मांडीवर नकाशा आणि कानात वेगानं सांगितलेले पाच आकडे, म्हणजे काय ते त्यांनी अनुभवावं. याला नवी यंत्रं लागत नाहीत, मोठा निधी लागत नाही. सुरक्षेच्या परवानग्या लागतील, त्या देता येण्यासारख्या आहेत.

हे व्याख्यान छापून आल्यावर त्याची एक प्रत या मागणीच्या पत्रासह नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला आणि विमानतळ प्राधिकरणाला पाठवावी, अशी विनंती मी संयोजकांना करतो. पत्राचा मसुदा मी सोबत आणला आहे. सभागृहाबाहेरच्या टेबलावर तो ठेवलेला आहे. ज्यांना सही करावीशी वाटेल त्यांनी वाचून, शंका असतील तर मला विचारून, मग सही करावी.